आजींच्या नाकाची परीक्षा

वय वाढलं की दिसायला कमी येतं, ऐकायला कमी येतं आणि नाकही मंदावतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांचं नाक पुरुषांपेक्षा तिखट, हेही घरोघरी मान्य आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या दोन्ही गोष्टींना आकड्यांचा आधार दिला. ६५ ते ८० या वयात निम्म्याहून जास्त लोकांची वास ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली असते, ८० नंतर तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांची. आणि बायका सगळ्याच वयात पुरुषांच्या पुढे. ही झाली छापून आलेली हकीकत. पण असे आकडे जिथे गोळा होतात, तशा एका खोलीत मी उभी राहिले आहे. एका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात वासाच्या तपासणीचं टेबल माझ्याकडे होतं आणि समोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा कुणाची तरी आजी असे. त्या खुर्चीचे आणि जगातल्या अशाच आणखी काही खुर्च्यांचे हे किस्से.

गजरा बाहेर ठेवा

या तपासणीचे नियम साधे आहेत. तपासणाऱ्याने अत्तर लावायचं नाही, सुवासिक साबणाने हात धुवायचे नाहीत, खोलीत हवा खेळती हवी, आणि पेशंटने आधी तासभर पाण्याखेरीज काही खायचं-प्यायचं नाही. हे नियम मोडतात ते उत्साहाच्या भरात. दवाखान्यात जायचं म्हणून आजी ठेवणीतलं लुगडं काढतात, चेहऱ्याला पावडर लावतात. एक आजी अंबाड्यावर मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून आल्या होत्या. चामड्याच्या वासाला त्या म्हणाल्या, “फूल.” लसणाच्या वासाला म्हणाल्या, “फूलच की.” मग माशाचा वास समोर आला. आजी थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “फूल, पण शिळं.” गजरा बाहेर ठेवला, खिडक्या उघडल्या, आजींना तासभर बाकावर बसवलं. दुसऱ्या खेपेला जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली. तेव्हापासून वेळ देताना फोनवर एक वाक्य वाढलं : येताना गजरा नको.

सही उमटली नाही

आम्ही वापरायचो ती वासाची पेनं मूळची जर्मनीतली. गेर्ड कोबाल, थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ही ‘स्निफिन स्टिक्स’ची पद्धत सविस्तर मांडली. दिसायला अगदी स्केचपेनसारखी. फक्त आत शाईऐवजी वासाचा द्रव. टोपण काढायचं, टोक नाकापासून दोनेक सेंटिमीटरवर तीन सेकंद धरायचं, टोपण लावायचं. मग अर्धा मिनिट थांबून पुढचं पेन. एकदा एका आजींच्या समोर संमतिपत्र ठेवलं आणि शेजारी पेनांचा संच उघडा होता. आजींनी त्यातलंच एक उचललं आणि सावकाश, वळणदार अक्षरात सही केली. सही उमटली नाही. कागदाला मात्र लवंगेचा वास लागला, तो कागद फायलीत गेला आणि फाईल टेबलावर राहिली. पुढच्या आजी खुर्चीत बसल्या आणि मी पहिल्या पेनाचं टोपण काढायच्या आत म्हणाल्या, “लवंग.” तपासणी थांबवावी लागली, पण त्यांच्या नाकाबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही.

यात आयोडेक्स कुठाय?

डोटी यांची अमेरिकन चाचणी चार पुस्तिकांची आहे. एका पुस्तिकेत दहा वास, एकूण ४०. पानावरची पट्टी पेन्सिलीने खरवडायची, वास घ्यायचा आणि चारांपैकी एका पर्यायावर खूण करायची. जगभर नावाजलेली चाचणी, पण तिचे वास अमेरिकन घरातले : रूट बिअर, शेपू घालून खारवलेली काकडी, चेडर चीज, लायलॅकची फुलं. त्यातला एक वास विंटरग्रीनचा. अमेरिकेत वाढलेल्या माणसाला त्यातून लहानपणीच्या गोळ्या आठवतात. आमच्या एका आजींना गुडघे आठवले. त्यांनी चारही पर्याय नातीकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारलं, “यात आयोडेक्स कुठाय?” आयोडेक्सच्या वासात विंटरग्रीनच्या तेलातलाच मुख्य घटक असतो, म्हणजे आजींचं नाक अचूक होतं. उत्तरपत्रिकेत मात्र त्या प्रश्नाला शून्य.

अशा शून्यांवर उपाय भारतातच निघाला. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांच्या ओळखीचे वास घेऊन भारतीय चाचणी तयार केली आणि २०१३ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांवरचे तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये निक्सन अब्राहम यांचा गट वासाची जाणीव यंत्राने मोजण्याच्या खटपटीत होता. २०२० साली कोविड आला आणि ते काम थेट लक्षणं नसलेले बाधित हुडकायला उपयोगी पडलं. तोवर ज्या तपासणीसाठी ‘पुढच्या वेळी बघू’ असं उत्तर मिळे, तिची चौकशी अचानक सगळीकडून होऊ लागली.

फारच कमी मार्क

चार पर्यायांच्या या पद्धतीत एक युक्ती दडलेली आहे. वास आला नाही तरी अंदाजाने खूण करायचीच असते. त्यामुळे ज्याला अजिबात वास येत नाही, त्याचीही चाळिसांतली दहाच्या आसपास उत्तरं नुसत्या नशिबाने बरोबर येतात. त्याहून फारच कमी आली, तर माणूस बरोबर उत्तर ओळखून ते टाळतो आहे, अशी शंका घ्यायची. नुकसानभरपाईचे दावे तपासताना अमेरिकेत याचा उपयोग होतो. आमच्याकडे एक आजी आल्या, सोबत दोन मुलगे. तक्रार अशी, की आईला वास येत नाही म्हणून तिने स्वयंपाक सोडलाय. आजींचे मार्क नशिबाला लाजवतील इतके कमी होते. डॉक्टरांनी मुलांना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि आजींशी बोलले. मग मुलांना आत बोलावून सांगितलं, “नाक उत्तम आहे. आई दमल्यात. पन्नास वर्षं रांधलंय त्यांनी, आता तुम्ही रांधा.” धाकट्या मुलाने तिथल्या तिथे आईला विचारलं, “आमटीला पाणी किती घालतेस?”

तपकिरीची डबी

तपासणीआधी तंबाखूबद्दल विचारावंच लागतं : बिडी, मिश्री, तपकीर. वयस्कर बायका याचं उत्तर सुनेसमोर कधी देत नाहीत. एक आजी ठामपणे म्हणाल्या, “आमच्या घरात असलं काही चालत नाही.” सून शेजारी मान डोलावत होती. तपासणी झाली आणि निकाल फारच खाली आला. आजींनी सुनेला पाणी आणायला पाठवलं, कमरेची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि हळूच विचारलं, “हिच्यामुळे का गं?” मी डॉक्टरांना सांगेन म्हटलं. डबी पुन्हा कमरेला गेली, सून पाणी घेऊन आली. निघताना सून दारातून मागे वळली आणि म्हणाली, “ताई, तपकिरीचं डॉक्टरांना सांगा हं. मला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका, त्या ओशाळतील.”

बाईंचा प्रश्न आणि बारा शर्ट

स्कॉटलंडमधल्या पर्थच्या निवृत्त परिचारिका जॉय मिल्न यांची गोष्ट आता जगाला माहीत आहे. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांनी ओळखलं आणि पुढे दहा-बारा वर्षांनी नवऱ्याला पार्किन्सन्सचं निदान झालं. पण हा शोध एका गैरसमजापायी जवळजवळ हातचा गेला होता. २०१२ साली एडिनबरा विद्यापीठातल्या टिलो कुनाथ यांच्या कार्यक्रमात बाईंनी विचारलं, की पार्किन्सन्स ओळखायला वासाचा उपयोग तुम्ही का करत नाही? पार्किन्सन्समध्ये रुग्णाची वास घेण्याची शक्ती आधीच कमी होते, हे वैद्यकाला ठाऊक होतं. कुनाथ यांना वाटलं, बाई त्याबद्दलच बोलताहेत. विषय तिथे संपला. पुढे एका सहकाऱ्याने टोकल्यावर बाईंचा शोध घेतला गेला.

मग परीक्षा ठरली. सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे घातलेले टीशर्ट बाईंसमोर ठेवले. वास काखेतल्या घामाला असेल असा सगळ्यांचा अंदाज. बाई मात्र पाठीचा वरचा भाग आणि मानेजवळचं कापड हुंगत होत्या. बारांपैकी अकरा उत्तरं बरोबर आली. एका निरोगी माणसाचा शर्ट त्यांनी रुग्णाचा ठरवला आणि काही केल्या मत बदललं नाही. साधारण आठ महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्सचं निदान झालं. पुढे मँचेस्टर विद्यापीठात पर्डिटा बॅरन यांच्या गटाने त्वचेवरच्या तेलकट स्रावातली या वासाशी निगडित रसायनं शोधून २०१९ साली प्रसिद्ध केली. बाराव्या शर्टाबाबत चूक शास्त्रज्ञांच्या यादीत होती, बाईंच्या नाकात नव्हती.

शेंगदाण्याचं लोणी आणि पट्टी

२०१३ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या जेनिफर स्टँप्स या संशोधक विद्यार्थिनीने एक चाचणी मांडली : चमचाभर पीनट बटर आणि एक मोजपट्टी. एकेक नाकपुडी बंद करून, किती सेंटिमीटरवर वास येतो ते मोजायचं. अल्झायमरच्या रुग्णांची डावी नाकपुडी उजवीपेक्षा बरीच मागे पडते, असं त्यांच्या गटाला आढळलं. स्वस्त, सोपी, घरात होणारी चाचणी. बातमी जगभर पोचली. पुढच्याच वर्षी डोटी यांच्या गटाने अल्झायमरच्या रुग्णांवर हाच प्रयोग करून पाहिला. त्यांना डाव्या-उजव्यात तसा फरक सापडला नाही. हा दुसरा निकाल मात्र पहिल्याइतका फिरला नाही.

तो न फिरल्याचा परिणाम आमच्या टेबलापर्यंत आला. एक मुलगी रडवेली होऊन आईला घेऊन आली. तिने घरी पीनट बटर आणि पट्टी घेऊन मोजलं होतं आणि आईची डावी नाकपुडी फार मागे होती. रात्रभर घरात कुणी झोपलं नव्हतं. डॉक्टरांनी नाकात दिवा टाकून पाहिलं. आतला पडदा चांगलाच डावीकडे वाकलेला होता, बहुधा तरुणपणापासूनच. आई म्हणाली, “लग्नाआधी विहिरीवर पडले होते, तेव्हाचं असेल.” ती आठवण तरी पक्की होती.

पाच पेनं, पाच वर्षं

२००५-०६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ स्त्री-पुरुषांची घरोघरी जाऊन पाहणी केली. मुख्य विषय होते नाती, सहवास आणि प्रकृती. वासाची चाचणी सोबतीला, तीही पाच पेनांची : गुलाब, चामडं, संत्रं, मासा, पेपरमिंट. पाच वर्षांनी तेच लोक पुन्हा शोधले. ज्यांना पाचांतले बहुतेक वास ओळखता आले नव्हते, त्यांच्यातले ३९ टक्के हयात नव्हते. नाक चांगलं असलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. वास गेल्याने माणूस दगावतो, असा याचा अर्थ नाही. वासाच्या पेशी शरीर जन्मभर नव्याने घडवत असतं. ती दुरुस्ती थंडावली की इतरत्रही काही बिघडलेलं असू शकतं, असा संशोधकांचा तर्क आहे. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं, आणि सोबतीला घेतलेली पाच पेनं चांगलीच गाजली.

सोबत आलेले आजोबा

एक आजी तक्रार घेऊन आल्या, की हल्ली वासच कळत नाही. आजोबा सोबत होते आणि सगळी उत्तरं तेच देत होते : हिला दूध उतू गेलेलं कळत नाही, उदबत्ती विझलेली कळत नाही. तपासणीत आजी छान पास झाल्या. आजोबांचा विश्वास बसेना. पेनांत काही दोष असेल म्हणून त्यांनी स्वतः खुर्ची धरली. लसूण, कॉफी, केळं : एकही वास त्यांना लागला नाही. घरात वासावरून वाद झाला की आजोबा “कसलाच वास नाहीये” म्हणत, आणि आजींनी आपल्याच नाकावरचा विश्वास सोडला होता.

हे एका घरापुरतं नाही. विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावी ५३ ते ९७ वयाच्या सुमारे अडीच हजार लोकांची तपासणी झाली. २००२ साली निष्कर्ष आले. चाचणीत जवळजवळ चौथा हिस्सा लोकांचं नाक अधू निघालं, पण स्वतःहून तसं सांगणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. अधूपणा पुरुषांत जास्त होता. ज्याचं नाक जातं त्यालाच ते सर्वांत शेवटी कळतं, आणि म्हणून ‘मला येतो की वास’ हे उत्तर कुणाकडूनही तपासल्याशिवाय मान्य करू नये.

अमृतांजन कळतं, गॅस कळत नाही

सर्वांत जास्त काळजी वाटावी असा हा किस्सा. एकट्या राहणाऱ्या एका आजी लेकीच्या आग्रहाखातर आल्या होत्या. “माझं नाक ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “अमृतांजन कळतं, कांदा चिरला की नाकाडोळ्यांतून पाणी येतं.” पेनं सुरू झाली. गुलाब नाही, लिंबू नाही, कॉफी नाही. एकट्या पेपरमिंटला त्या “गार” म्हणाल्या. कांद्याचा झणका आणि बामचा गारवा चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारा वेगळाच मज्जातंतू टिपतो. वासाचा मज्जातंतू निराळा. नाकाच्या छताशी चाळणीसारखं छिद्रांचं हाड आहे, त्यातून तो मेंदूत जातो. आजींचा पहिला शाबूत होता, दुसरा गेला होता.

लेकीने तेव्हा सांगितलं, की आग्रह का केला. मागच्या आठवड्यात ती माहेरी शिरली, तर स्वयंपाकघरात गॅसचा वास कोंदला होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच. आणि आजी शेजारच्या खोलीत देवापुढे बसून काडेपेटी शोधत होत्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. १९८६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने अंकासोबत सहा वासांच्या पट्ट्या पाठवल्या होत्या, आणि सुमारे १५ लाख वाचकांनी उत्तरं कळवली. त्यात एक वास गॅसमध्ये मिसळतात त्या जातीचा होता, आणि नेमका तो टिपताना वयस्कर वाचक कमी पडले. इथे आजी वाचल्या, कारण काडेपेटी सापडली नाही. लेकीने ती आदल्या खेपेला चुकून आपल्या पिशवीतून नेली होती.

आमटीचा खटला

एका घरात सासूबाई रोज म्हणायच्या, सुनेच्या आमटीला चव नाही. सून मसाला बदले, गोडा मसाला माहेरून आणे, सासूबाई ताटात वरून मीठ घेत. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, आणि मीठ एवढं का लागतं याचा माग काढता काढता आमच्या टेबलाशी पोचल्या. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा. जिभेला आंबट-गोड-खारट कळतं. फोडणी, हिंग, कोथिंबीर कळते ती वासानेच. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “म्हणजे तुझी आमटी मी कधी खाल्लीच नाही.” पुढच्या तपासणीला त्या डबा घेऊन आल्या. तो सुनेने आमच्यासाठी दिला होता. आमटी उत्कृष्ट होती.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. घरातल्या आजीला डोळे मिटायला सांगा आणि हिंग, कॉफी, वेलची, लिंबाची साल एकेक करून, मध्ये थोडा वेळ थांबून नाकाशी धरा. बाम, कापूर, कांदा वापरू नका; ते फसवतात. बरेच वास हुकले तर घाबरू नका, आणि इंटरनेटवरून अल्झायमरचं निदान तर करूच नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. नाकातला कोंब, सायनसचा आजार, एखादं औषध अशी उपाय करण्याजोगी कारणं पुष्कळदा निघतात. हुमेल यांच्या गटाने २००९ साली दाखवलेला साधा व्यायामही आहे : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायचं, काहींना त्याने फरक पडतो. वास गेलेलाच असेल, तर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र आजच बसवा. आईला चष्म्याचा नंबर तपासायला नेता, त्याच फेरीत तिचं नाकही तपासून घ्या.